नेसरीच्या खिंडीत कुमक पोहोचली नाही
पुलवामात 14 फेब्रुवारी 2019 ला आत्मघाती हल्ल्यात 40 जवान गेले, तेव्हा कबनूरच्या आमच्या मागाच्या शेडमध्येही तोच विषय. आत्मघाती हल्ल्याचं मूळ शोधताना वाहिन्यांवर, वर्तमानपत्रांत 1944 चे जपानी कामिकाझे वैमानिक हमखास येतात. आमच्यातलं कुणीतरी अभिमानानं म्हणतं, "त्याच्या आधी आमची नेसरी!" मी जन्मभर जॉबरकी केली, इतिहासाचा पंडित नव्हे. पण नेसरी माझ्या जिल्ह्यातली, आणि तिला या वंशावळीत बसवलेलं मला सोसत नाही.

1673 मध्ये उमराणीला शिवाजी महाराजांचे सरनोबत, म्हणजे सरसेनापती, प्रतापराव गुजरांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडलं आणि तो गयावया करताच सोडून दिलं. खान पुन्हा उलटला. महाराजांचा राग सरनोबतांच्या जिव्हारी लागला. 24 फेब्रुवारी 1674 ला नेसरीला ते खानावर तुटून पडले आणि कामी आले.

सभासद बखरीत ही मोठी लढाई आहे. फक्त सात जण धावले, हा हिशेब मिळतो तो इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याच्या एप्रिल 1674 च्या पत्रात: दोन डोंगरांमधली अरुंद वाट, प्रतापराव आणि सहा स्वार, आणि मागच्या फौजेची मदत पोहोचली नाही. हे शेवटचं वाक्य मला फार लागतं. कामिकाझेला परत यायचंच नव्हतं, बेतच तसा होता. प्रतापरावांच्या मागे फौज होती. ते संतापानं पुढे धावले, बाकीचे मागे राहिले. समोर हत्यारबंद शत्रू होता, बाजारातली माणसं नव्हती. याला आत्मघाती हल्ला कसं म्हणायचं?

नोव्हेंबर 2022 मध्ये या सात वीरांवरच्या चित्रपटाची घोषणा झाली आणि संभाजीराजे छत्रपतींनी हरकत घेतली. वेशभूषा, नावं, कलाकार, सगळ्यांवर वाद रंगला. सहा स्वारांच्या नावांवर तर अभ्यासकांचंही एकमत नाही. पण कुमक का आली नाही, यावर चर्चा ऐकल्याचं मला आठवत नाही.

राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर असताना स्वराज्यानं सरनोबत गमावला. महाराजांनी हंबीरराव मोहित्यांना ती जागा दिली, प्रतापरावांची लेक जानकी हिचं राजारामांशी लग्न लावून तिला सून करून घेतलं. त्या मरणाचा महाराजांना आनंद नव्हता, दुःख होतं.

गडहिंग्लजवरून कानडेवाडीच्या स्मारकाला पोरांना जरूर न्या. सात जण धावले हे सांगा, आणि मागची फौज पोहोचली नाही हेही सांगा.