पैठणचा राजा आणि झाडावरचा वेताळ

भुताचा माग काढून त्याला नेस्तनाबूत करणारा नायक म्हटला की नारायण धारप (१९२५–२००८) यांचे नाव मराठी वाचकाच्या ओठांवर येते. त्यांची 'लुचाई' ही कादंबरी अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या १९७५ मधील 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, आणि तिच्याही पाठीशी ब्रॅम स्टोकर यांचा १८९७ चा 'ड्रॅक्युला' उभा आहे. यावरून भुताची शिकार हा विषयच परक्या पेठेतला, असा निष्कर्ष कोणी काढील. हैदराबादच्या मराठी वाचकाने तरी तो सहजासहजी मान्य करू नये.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. मात्र त्यांतला राजा उज्जयिनीचा विक्रम नव्हे. त्याचे नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदातीरीचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत पैठण हैदराबाद राज्यातच होते. तेव्हा 'आपले' हा शब्द मी अंमळ अधिकारानेच वापरतो. सोमदेवाने ज्या 'बृहत्कथे'चा आधार सांगितला, ती गुणाढ्याची कृतीही सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशीच निगडित. तिची भाषा पैशाची, म्हणजे पिशाच्चांची बोली, अशी समजूत. राजाने अव्हेर केला तेव्हा गुणाढ्याने रानात पशुपक्ष्यांना ऐकवीत तिचे एकेक पान अग्नीत टाकले आणि सात लक्ष श्लोकांपैकी एक लक्षच उरले, अशी आख्यायिका आहे.

आता त्या राजाची शिकार पाहा. एक भिक्षू रोज दरबारात फळ आणून देतो. फळाच्या पोटी रत्न निघते. उपकाराने बांधलेला राजा कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात जातो आणि झाडाला लोंबणारे प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतात वेताळ आहे. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याचे मस्तक फुटेल. बोलला, तर वेताळ पुन्हा झाडावर! हा न्यायनिवाडा रात्रभर चालतो. अखेरच्या प्रश्नाला मात्र राजा खरोखरच निरुत्तर होतो, आणि प्रसन्न झालेला वेताळच त्याला सावध करतो: भिक्षू तुझाच बळी देणार आहे.

येथे घातकी ठरतो तो जिवंत माणूस. भूत हितकर्ते निघते. धारपांच्या 'समर्थ' कथांतून मला हेच हरवल्यासारखे वाटते. तेथे अमानवी शक्ती शत्रूच असते; तिला विचारण्यासारखे काही नसते, आणि समर्थ आले की वाचकाची भीतीही ओसरते. 'लुचाई' मला त्याहून सरस वाटते, कारण तेथे अरिष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याच चेहऱ्याने दारात येते. विद्वज्जनांनी या लेखनाकडे फारसे वळून पाहिले नाही, हा अन्यायच होय. पण वाचकांनीही धारपांना केवळ रात्रीच्या थरारापुरते वाचले, हे विसरता येत नाही.

भिक्षूचा निकाल लागल्यावर वेताळ राजाला वर माग म्हणतो. पैठणच्या त्या राजाने मागितले ते इतकेच, की या गोष्टी पृथ्वीवर प्रसिद्ध व्हाव्यात. १८३० साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' मराठी गद्यात आणली, तेव्हा गोदातीरीचा तो वेताळ फिरून मराठी बोलू लागला.