कार्बोरेटर ठेवायचा की इंजेक्शन बसवायचं? पद्मिनीच्या इंजिनाचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं: "वडिलांच्या पद्मिनीचं इंजिन पूर्ण खोलून बांधलंय. बोअर झालं, नवे पिस्टन पडले. आता गॅरेजवाला म्हणतो, जुना कार्बोरेटर फेका, इंजेक्शन बसवा. काय करू?" प्रश्न गॅरेजचा वाटतो, पण त्याचं उत्तर इतिहासातून जातं. म्हणून आज आपण तोच घेऊ.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आणली. तीच पुढे पद्मिनी झाली. इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. त्याच्या कार्बोरेटरचं काम बघा. हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि पितळी जेटच्या भोकातून पेट्रोल ओढलं जातं. ते किती यायचं, हे भोकाच्या मापावर ठरतं. म्हणजे कार्बोरेटर काही तपासत नाही. पेट्रोल कसं असेल, हे कारखान्याने एकदा गृहीत धरलं आणि तेच पितळेत कोरून ठेवलं.

पेट्रोल मात्र बदलत गेलं. आधी त्यात शिसं असायचं. २००० साली ते देशभर बंद झालं. शिशामुळे व्हॉल्व्हच्या सीटची झीज कमी व्हायची, म्हणून आता इंजिन बांधताना कडक सीट घालतात. मग मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. इंजिन तेच, फक्त कार्बोरेटरच्या जोडीला गॅसचा मिक्सर आला. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सीची सेवा संपली. तेव्हा या गाडीच्या बाबतीत 'मूळ' कशाला म्हणायचं, हा प्रश्न काही आजचा नाही.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. या मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. भोक जुन्याच मापाचं राहिलं तर पेट्रोल कमी पडतं; गाडी झटके देते, इंजिन तापतं. शिवाय जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतात, चिरतात.

इंजेक्शनचा फायदा इथे आहे. १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं, पुढे त्याला धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर जोडला गेला. पेट्रोल बदललं तरी हा सेन्सर सांगतो आणि यंत्रणा प्रमाण सुधारते. पण त्याची किंमत आहे. बहुतेक इंजेक्शन यंत्रणांना ३ बारच्या आसपास दाब लागतो. पद्मिनीचा यांत्रिक पंप त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे विजेचा पंप, टाकीकडे परतीची लाइन, सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरसाठी भोक, आणि हे सगळं पेलणारा अल्टरनेटर.

आम्हाला वाटतं ते असं. गाडी रविवारी फिरवायची असेल तर कार्बोरेटर ठेवा. रबर सगळं इथेनॉल सोसणारं घ्या. जेट थोडा मोठा करा: भोक १.२५ मिलिमीटरचं असेल तर १.३० घेतल्यावर क्षेत्रफळ सुमारे ८ टक्क्यांनी वाढतं, आणि कमतरता जवळपास तेवढीच आहे. मग प्लगचा रंग बघून बारीक फेरफार करा. गाडी रोज चालवायची असेल तर इंजेक्शन जरूर बसवा, पण कार्बोरेटरच्याच जागी बसणारं, मॅनिफोल्ड न कापता.

आणि एक विनंती. जुना कार्बोरेटर फेकू नका. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सोबत चिठ्ठी लिहा: कधी काढला, जेट कुठला होता, तेव्हा पेट्रोल कसं मिळत होतं. वडिलांनी अशी चिठ्ठी ठेवली असती, तर आज तुम्हाला आम्हाला विचारावं लागलं नसतं.