‘शब्द’ आणि ‘भाकर’ : योहानकृत शुभवर्तमान आणि खानदेश

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मकथा नाही, डोंगरावरील प्रवचन नाही, अखेरच्या भोजनातील भाकर-द्राक्षारसाचा विधीही नाही; त्या जागी शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग येतो. इतर तीन शुभवर्तमानांपासूनचे हे अंतर केवळ तपशिलाचे नव्हे. येथे चमत्कार ‘चिन्ह’ ठरतो आणि आरंभ बेथलेहेमात न होता ‘लोगोस’पासून होतो. मराठी भाषांतराने त्यासाठी ‘शब्द’ योजला. 1290च्या ज्ञानेश्वरीतील शब्दब्रह्म जाणणाऱ्या वाचकाला तो आपलासा वाटतो; परंतु ही जवळीक फसवी आहे. शब्दब्रह्माला भूक नाही, मरण नाही. योहानाचा शब्द देही होतो आणि क्रुसावर मरतो.

ही उणीव भरून काढली ती ‘भाकर’ या शब्दाने. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन पश्चिम खानदेशात कार्य करू लागले, तो मुलूख ज्वारीच्या भाकरीचा. (‘पाव’ म्हटले असते तर प्रतिमा परकीच राहिली असती.) पाच हजारांच्या भोजनातील भाकरी जवाच्या होत्या, हे चौघांपैकी एकटा योहान नोंदवतो, जव हे गरिबाचे धान्य. ‘उत्तम मेंढपाळ’ही ठेलारींच्या धुळे परिसरात स्पष्टीकरणावाचून कळावा असा.

मात्र या ओळखीची किंमतही आहे. सहाव्या अध्यायात ‘जीवनाची भाकर’ म्हणजे स्वतःचा देह, असे येशू सांगतो तेव्हा पुष्कळ शिष्य त्याला सोडून जातात. धुळे-जळगावच्या श्रोत्याला भाकर इतकी घरची वाटते, की त्या शिष्यांनी पाठ का फिरवली, हेच त्याला उमगेनासे होते.