मानधन की विजेतेपद? एनबीएतील खेळाडूंचा पेच

व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द फार तर पंधरा-वीस वर्षांची. तेवढ्या अवधीत जास्तीत जास्त कमाई करावी, की कमी मानधन पत्करून विजेतेपदाचा ध्यास घ्यावा? अमेरिकेतील ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’च्या (एनबीए) खेळाडूंपुढे हा प्रश्न वारंवार उभा राहतो. त्याचे मूळ तेथील वेतनमर्यादेत आहे.

नियम काय सांगतो?

१९८४-८५ च्या हंगामापासून एनबीएतील संघांच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आली. तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती सुमारे १४ कोटी ६ लाख डॉलर झाली. मर्यादा लवचीक आहे. स्वतःचे खेळाडू राखण्यासाठी संघाला ती ओलांडता येते, तसेच बाहेरचा अनुभवी खेळाडू किमान वेतनावर घेता येतो. त्यामुळे बलाढ्य संघाकडे नवागताला देण्यासारखे फारसे उरत नाही. तेथे जायचे, तर खेळाडूलाच पदरमोड सोसावी लागते.

किंमत मोजूनही हुलकावणी

कार्ल मलोन हे याचे ठळक उदाहरण. युटा जॅझकडून अठरा हंगाम खेळलेल्या मलोनला १९९७ आणि १९९८ च्या अंतिम फेरीत शिकागो बुल्सकडून पराभव पत्करावा लागला. युटाकडून अखेरच्या हंगामात एक कोटी ९० लाख डॉलरहून अधिक वेतन घेणारा हा खेळाडू २००३ मध्ये अवघ्या १५ लाख डॉलरवर लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. गॅरी पेटन यानेही तोच मार्ग धरला. मात्र २००४ च्या अंतिम फेरीत डेट्रॉईट पिस्टन्सने लेकर्सला ४-१ असे नमविले. मलोन विजेतेपदाविनाच निवृत्त झाला. पेटनला ते २००६ मध्ये मायामी हीटकडून मिळाले.

डेव्हिड वेस्टने २०१५ मध्ये इंडियाना पेसर्सकडील सुमारे एक कोटी २६ लाख डॉलरवर पाणी सोडले आणि किमान वेतनावर सॅन अँटोनियो स्पर्स गाठले. तेथे निराशा पदरी आली; गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून मात्र २०१७ आणि २०१८ अशी दोन विजेतेपदे लाभली.

आपल्याच संघासाठी कपात

काहींनी संघ न बदलता त्याग केला. स्पर्सच्या टिम डंकनचे वेतन २०११-१२ मध्ये दोन कोटी १० लाख डॉलरहून अधिक होते. पुढच्या हंगामात ते ९६ लाखांवर आले. वाचलेल्या रकमेमुळे सहकाऱ्यांना राखणे सुकर झाले आणि २०१४ मध्ये स्पर्स विजेते ठरले. डॅलस मॅव्हरिक्सच्या डर्क नोवित्झ्कीने २०१४ मध्ये तीन वर्षांसाठी सुमारे अडीच कोटी डॉलर स्वीकारले. त्यानंतर मात्र तो खेळत असेपर्यंत त्याच्या संघाला प्लेऑफची एकही मालिका जिंकता आली नाही.

टीकेचे मुद्दे

२०१० मध्ये लेब्रॉन जेम्स, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड यांनी कमाल वेतनापेक्षा कमी रक्कम घेऊन मायामीत एकत्र खेळण्याचे ठरविले आणि २०१२ व २०१३ ची विजेतेपदे पटकावली. २०१६ मध्ये केव्हिन ड्युरंट गोल्डन स्टेटकडे गेला, तेव्हा टीकेची झोड उठली. कारण त्याच संघाने त्याच्या ओक्लाहोमा सिटीला नुकतेच हरविले होते. अशा निर्णयांनी स्पर्धेतील चुरस संपते, हा एक आक्षेप. खेळाडूने सोडलेल्या पैशाचा लाभ सहकाऱ्यांऐवजी संघमालकाच्या तिजोरीलाच होऊ शकतो, हा दुसरा.

शिवाय हा त्याग सर्वांना परवडणारा नाही. मलोन, डंकन वा नोवित्झ्की यांनी कपात स्वीकारली, ती अनेक वर्षे भरघोस कमाई केल्यानंतर. ज्याची कारकीर्द एका दुखापतीने संपू शकते, अशा सामान्य खेळाडूने हाती आलेला मोठा करार स्वीकारला, तर त्याला लोभी ठरविणे अन्यायाचे होईल. सोडलेली रक्कम निश्चित असते. विजेतेपदाची हमी मात्र कोणताच करार देत नाही.