पायवाटेची साक्ष

दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंब्याच्या डोंगरावर हजारो यात्रेकरू पायी चढतात. हे शिखर 1,325 मीटर उंच असून अश्वत्थाम्याचे स्थान म्हणून त्याची ख्याती आहे. त्या वाटेने मी प्रथम गेलो तो माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांच्या मागून. आदिवासींच्या कुऱ्हाडीने सातपुडा उघडा पडला, असे मी तोवर वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. म्हाताऱ्याने माझ्याशी वाद घातला नाही. कोणता मोह कोणत्या घराने वेचावयाचा, चारोळीला केव्हापर्यंत हात लावावयाचा नाही, गावाची शीव कोणत्या नाल्यापाशी संपते, हे तो चालता चालता सांगत गेला आणि शेवटी एवढेच म्हणाला, ‘‘गुरुजी, हे तुमच्या पुस्तकात आहे का?’’ ते नव्हते. त्या धड्याची पूर्वपीठिका मी पुढे वाचली. तीच आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

1818 मध्ये पेशवाई बुडाली व खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. डोंगरातील भिल्ल सहजासहजी वश होईनात, म्हणून 1825 मध्ये औट्रम साहेबाने त्यांचीच पलटण उभारली. शेजारच्या डांगातील सागावर सरकारचा डोळा होताच. 1842 च्या सुमारास तेथील भिल्ल राजांकडून जंगले पट्ट्याने घेण्यात आली. गलबतांना साग हवा होता. पुढे 1853 मध्ये मुंबई–ठाणे आगगाडी धावू लागली, आणि रुळांखालच्या लाकडी पट्ट्यांची मागणी भरमसाट वाढली. 1864 मध्ये वनखाते निघाले. 1878 च्या कायद्याने अरण्याचे राखीव व संरक्षित असे वर्ग पाडले. राखीव वनात, जे स्पष्टपणे मोकळे ठेविले नाही ते सर्व निषिद्ध. लोकांना जे उरले ते हक्क म्हणून नव्हे, तर सवलत म्हणून. आणि सवलत देणाऱ्याला ती काढूनही घेता येते. 1927 चा कायदा याच पायावर उभा राहिला व स्वातंत्र्यानंतरही तोच चालू राहिला.

याचा परिणाम काय झाला? जो काल अरण्याचा रहिवासी, तो आज अतिक्रमण करणारा ठरला. ज्या झाडावर आपला हक्क नाही ते राखावयाचे कोणासाठी, ही वृत्तीही हळूहळू शिरली. कुऱ्हाड चाललीच नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु ती एकट्या गरिबाचीच नव्हती. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील 33 गावे सापडली. तेथील लोकांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याकडील सुमारे 4,200 हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. म्हणजे नदीकाठचे एक अरण्य पाण्यात गेले आणि त्यापायी सपाटीवरचे दुसरे तुटले.

मग लोकांनी काय केले? 1972 मध्ये शहाद्यास श्रमिक संघटना स्थापन झाली. अंबरसिंग सुरतवंती हे तिचे एक अग्रणी. गेलेल्या जमिनी परत मिळविणे हा तिचा पहिला लढा; पुढे त्यास वनजमिनीचा प्रश्न येऊन मिळाला. देशभरच्या अशा अनेक चळवळींचे फळ म्हणजे 2006 चा वनहक्क कायदा. वनवासी जनतेवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. सामुदायिक वन राखण्याचा अधिकारही त्याने ग्रामसभेस दिला.

त्याखालील 2008 च्या नियमांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दाव्याच्या पुराव्यासाठी सरकारी कागदच हवा असे नाही. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले निवेदन पुरावा ठरू शकते. देवस्थाने, स्मशाने, गुरचराईची राने, कंदमुळे वेचण्याच्या जागा याही साक्ष देतात. अर्थातच वनहक्क समितीला जागेवर जाऊन शीव पाहावी लागते. पुढे म्हातारा, मागे तरुण, एकाच्या हाती नकाशा, अशी शिवारफेरी निघते. अस्तंब्याच्या वाटेवर मी जे सहज ऐकले होते, त्याला कायद्याने पुराव्याचे मोल दिले.

हक्क दिला तर लोक वन राखतील काय, अशी शंका शहरात नेहमी निघते. तिचे उत्तर फार दूर शोधावयास नको. साक्री तालुक्यातील बारीपाडा हे गाव धुळे जिल्ह्यात आहे. 1998 पर्यंत नंदुरबारही त्याच जिल्ह्यात होते. कायद्याची वाट न पाहता, 1990 नंतरच्या दशकात या गावाने सुमारे 450 हेक्टर वन राखावयास घेतले. तोडीस दंड ठरविला, गस्तीच्या पाळ्या लाविल्या, पाणी अडविले. 2004 पासून तेथे रानभाज्यांची स्पर्धा भरते, आणि कोणती भाजी कोणत्या उतारावर उगवते हे सुना व मुली सासू-आयांकडून शिकतात. या कार्याचे धुरीण चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

तथापि एक काळजी मनात राहतेच. सातपुड्यातील कुटुंबेच्या कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मुले त्यांच्याबरोबर जातात आणि म्हाताऱ्यांच्या मागून चालावयास कोणी उरत नाही. दाव्याचा कागद कचेरीत सुरक्षित राहील; पण त्यावर लिहिलेला नाला व मोह दाखविणारा माणूसच नसेल, तर त्या कागदाचा उपयोग काय? म्हणून आपणांस माझी विनंती एवढीच की, सातपुड्यात गेलात तर गाडीच्या काचेतून पाहून परतू नका. गावातला एखादा जाणता माणूस सोबत घ्या, त्याच्या मागून चाला, आणि तो सांगेल ती नावे आपल्या मुलांकरवी वहीत उतरवून घ्या. शिक्षकाने हे फार आधी करावयास हवे होते. मी ते उशिरा केले.