पाऱ्याची नळी आणि सर्पगंधेची मुळी

दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला आणि त्यातून ग्वाल्हेरचा लष्कर हा भाग वसला. तिथेच १८९९ साली जयाजीराव शिंद्यांच्या नावाचं जयारोग्य रुग्णालय उभं राहिलं. तीनच वर्षं आधी तुरिनमध्ये शिपिओने रिवा-रोची या डॉक्टरने दंडाला बांधायचा रबरी पट्टा पाऱ्याच्या नळीला जोडून रक्तदाब मोजून दाखवला होता. १९०५ मध्ये रशियाचे निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी त्याला कान दिला. कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप टेकवायचा, पट्ट्यातली हवा हळूहळू सोडायची; पहिला ठोका कानी येतो तो वरचा आकडा, ठोके विरतात तो खालचा. आजही दवाखान्यात हीच रीत चालते.

आकडा कळला, पण तो उतरवायचा कसा?

पुढची कित्येक वर्षं डॉक्टरांच्या हाती विश्रांती, अळणी जेवण आणि गुंगीची औषधं यापलीकडे फारसं काही नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा वरचा दाब ३०० पर्यंत चढला होता. महासत्तेच्या प्रमुखाची ही गत, तर लष्करच्या वाड्यांतली माणसं अर्धांगवायूला दैवाचा घाला समजली, यात त्यांचा काय दोष?

१९४६ मध्ये ग्वाल्हेरात गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिल्या तुकडीची पोरं अजून शिकतच होती, तेवढ्यात १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. विषय होता सर्पगंधा. झोप उडालेल्यांना आणि उन्माद चढलेल्यांना वैद्य ही कडू मुळी पूर्वापार देत आले होते. तिने रक्तदाबही उतरतो, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं. परदेशात कुणी फारशी दखल घेतली नाही. वकिलांनी ५० रुग्णांचा दाब औषधाआधी आणि औषधानंतर मोजून आकडेच पुढे ठेवले. वैद्यांचा अनुभव खरा होता, पण जगाला पटला तो मोजल्यावर. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिनने नाक चोंदे, काहींचं मन खचे. त्यामुळे पुढे ते मागे पडलं. पण १९६७ मध्ये अमेरिकेतल्या १४३ माजी सैनिकांवरच्या चाचणीने, दाब खूप चढलेल्यांना औषध दिलं तर जीवघेणे प्रसंग टळतात हे सिद्ध केलं, तेव्हा दिलेल्या तीन औषधांत रेसर्पिन होतंच.

आज दाब उतरवणारी अम्लोडिपिनची गोळी स्वस्तात मिळते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत ग्वाल्हेरशेजारचा भिंड होता आणि महाराष्ट्रातला साताराही. तिथे आरोग्य केंद्रात दाब मोजतात, ठरलेली गोळी महिनाभराची देतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावतात. एवढं करूनही अनेकजण बरं वाटलं की गोळी बंद करतात. चढलेला दाब बहुधा दुखत-खुपत नाही, म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तो मोजून घ्यावा. १४०/९० च्या वर वारंवार भरला तर डॉक्टरांना गाठावं, आणि त्यांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नये.