तळटीप : गोळ्या-चॉकलेटांचे रेशन

* महायुद्ध १९४५ मध्ये संपले तरी ब्रिटनमधले रेशनिंग पुढे नऊ वर्षे चालले. त्यामुळे लेखकाच्या उपनगरात पोरांना गोळ्या घेताना पैशांबरोबर कुपनही द्यावे लागे. एप्रिल १९४९ मध्ये गोळ्या-चॉकलेटे एकदा खुली झाली होती. पण मागणी इतकी उसळली की चारच महिन्यांत निर्बंध परत आले. (दोष पोरांचा मानला जातो, मोठी माणसेही मागे नसावीत.) ते कायमचे उठले ५ फेब्रुवारी १९५३ला. लेखक हा आनंद राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवसाला जोडतो, ते बरोबर नाही : राज्याभिषेक २ जूनचा. साखरेवरचे रेशन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उठले, मांसावरचे जुलै १९५४ मध्ये. – संपा.